नेतृत्व प्रशिक्षणात गोपनीयता मोडल्याबद्दल आणि ठरलेल्या भेटी न दिल्याबद्दल तक्रार

भोसरी एमआयडीसी, पुणे
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६

प्रति,
संचालक, प्रशिक्षण सेवा विभाग

संदर्भ: तुमचा मे २०२५ चा प्रस्ताव आणि आमची वर्क ऑर्डर

महोदय,

आमच्या कारखान्यात मोटारींना लागणारे पत्र्याचे प्रेस पार्ट्स बनतात. आमच्या बारा विभागप्रमुखांसाठी गेल्या वर्षी आम्ही तुमचा नेतृत्व विकास कार्यक्रम घेतला. फी ३,६०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ४,२४,८०० रुपये आम्ही जुलैअखेर पूर्ण भरले. याआधी तीन मेल केले, फोन तर कितीतरी. दरवेळी "टीमशी बोलून कळवतो" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता हे सविस्तर पत्र.

तुमची निवड आम्ही घाईने केली नव्हती. आमच्यापुढे तीन पर्याय होते. एका व्यवस्थापन संस्थेच्या पाच दिवसांच्या निवासी कोर्सला दोघांना पाठवावे, हा पहिला. पण उरलेल्या दहा जणांचे काय? प्लँट हेडसाठी वैयक्तिक कोच नेमावा, हा दुसरा. तिसरा तुमचा, आणि तिघांत महाग. तरीही तो घेतला, कारण तुमच्या प्रतिनिधी मॅडमनी आमच्याकडे बसून सांगितले होते, "आधी तुमची माणसे समजून घेऊ, मगच कार्यक्रम आखू." आमची अडचण मी त्यांना शॉपवर नेऊन दाखवली होती. पाळी बदलताना प्रेस शॉप आणि टूलरूम (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे बनवणारा, दुरुस्त करणारा विभाग) यांच्यात रोज खटका उडतो. डायमधून निघालेल्या पार्टला बर, म्हणजे कडेला खरखरीत धार, आली तर रात्रपाळीचा माणूस रजिस्टरमध्ये "डाय चेक करणे" एवढेच लिहून जातो. सकाळचा विचारतो, काय चेक करू, कुठे चेक करू? आमचे विभागप्रमुख कामात पक्के आहेत. हाताखालच्या माणसाशी अवघड गोष्ट कशी बोलावी, तिथे अडतात. तेवढे शिकवा, असे आम्ही लेखी दिले होते.

आता मुख्य तक्रार. प्रशिक्षणाआधी तुम्ही ३६० अंशी फीडबॅक घेतला, म्हणजे प्रत्येक विभागप्रमुखाबद्दल वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे काय म्हणतात ते. नावे कुणालाही कळणार नाहीत, असे तुमच्या फॉर्मवर ठळक छापले होते. त्या भरवशावर मी स्वतः शॉपवर फिरून लोकांना मोकळेपणाने लिहायला सांगितले. टूलरूम प्रमुखांच्या हाताखाली फॉर्म भरणारे दोघेच होते. एखाद्या गटात निदान तीन जण नसतील तर त्या गटाची उत्तरे वेगळी दाखवायची नाहीत, ही या पद्धतीतली साधी काळजी तुमच्यासारख्यांना नवी नसावी. तुम्ही मात्र "हाताखालचे" असा वेगळा रकाना काढून दोघांची वाक्ये जशीच्या तशी छापली आणि लोणावळ्यातल्या निवासी वर्गाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर पडद्यावर लावली. "साहेब चूक सर्वांसमोर काढतात, शाबासकी केबिनमध्ये देतात." दोघांतल्या कोणाचे हे वाक्य, ते ओळखायला टूलरूम प्रमुखांना क्षणही लागला नाही.

ते गृहस्थ बावीस वर्षे आमच्याकडे आहेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. परत आल्यावर महिनाभर ते वाक्य लिहिणाऱ्या मुलाशी कामापुरतेही बोलत नव्हते. ड्रॉइंग टेबलावर ठेवून निघून जायचे. दिवाळीनंतर मुलाने राजीनामा दिला. वायर कटिंगवरचा आमचा सर्वात चांगला हात होता तो. कारण त्याने "घरगुती" लिहिले, पण मला ते पटलेले नाही. त्याला मोकळेपणाने लिहायला मीच सांगितले होते, ही गोष्ट मनातून जात नाही.

बाकीचेही ठरल्याप्रमाणे झाले नाही. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून बुधवार-गुरुवार द्या, एकच दिवस उत्पादन बुडेल, असे आम्ही कळवले होते. तुम्ही १२ आणि १३ जुलै दिले, शनिवार-रविवार. आमचे दोन्ही दिवस कामाचे. शिकवणारे मराठी बोलतील असे प्रस्तावात होते. आलेले सर इंग्रजीत आणि मधूनमधून हिंदीत बोलले, उदाहरणे सगळी सॉफ्टवेअर कंपन्यांची. आमचे डिस्पॅच प्रमुख स्वभाव चाचणीचा इंग्रजी कागद हातात धरून बसले होते आणि शेजारच्याला हळूच विचारत होते, "यात सहसा आणि कधीकधी कुठे आहे?" शेवटी शेजारच्याने टिक केले तिथेच त्यांनीही केले. त्या कागदावरून तुम्ही त्यांचा स्वभाव आम्हाला छापून दिलात. शिफ्ट रजिस्टरचा विषय दोन दिवसांत एकदाही निघाला नाही.

प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या किर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांपैकी तिसरीपर्यंत, म्हणजे कामावरच्या वागण्यात फरक पडला का इथपर्यंत मोजणार, असे तुमच्या प्रस्तावाच्या सातव्या पानावर आहे. मोजलीत फक्त पहिली. दुसऱ्या दिवशी बस दारात उभी असताना फॉर्म वाटले, कार्यक्रम कसा वाटला म्हणून. वागणे पाहायला ऑगस्ट ते जानेवारी दरमहा एक भेट ठरली होती. सहांपैकी एक झाली, तीही ऑनलाइन, चाळीस मिनिटांची. खरे तर आम्ही पैसे मोजले ते या भेटींसाठी. दोन दिवसांत कोणाची सवय बदलत नाही, हे तुमच्याच मॅडमनी आम्हाला समजावले होते.

दोन दिवसांच्या निवासी वर्गाचे १,८०,००० रुपये आम्ही परत मागत नाही. माणसे राहिली, जेवली, वर्ग झाला. न झालेल्या पाच भेटींचे प्रत्येकी २०,००० प्रमाणे १,००,००० आणि ३६० अंशी फीडबॅकचे ६०,००० परत करावेत. जीएसटीसह ही रक्कम १,८८,८०० रुपये होते. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तिची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) ३१ मार्चपूर्वी द्यावी, म्हणजे आमचे हिशेब याच वर्षात मिटतील. फीडबॅकची मूळ उत्तरे तुमच्या संगणकावरून काढून टाकल्याचे लेखी कळवावे.

आणि तुमच्यातल्या जबाबदार माणसाने इथे येऊन टूलरूम प्रमुखांची आणि सध्या आमच्याकडे असलेल्या त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्याची समोरासमोर, मराठीत माफी मागावी. सोडून गेलेल्या मुलालाही त्या दिवशी मी बोलावून घेईन. तो यायला तयार आहे. गुरुवार सोडून कोणताही दिवस चालेल. पंधरा दिवसांत तारीख कळवावी, अन्यथा करारातील लवादाच्या कलमाप्रमाणे आम्ही नोटीस पाठवू.

आपला,
भागीदार

सोबत: प्रस्तावाची प्रत, बिल, तिन्ही मेल