"डॅम्पर कशाला बदलूलास?" : सांबऱ्याच्या काकांना पत्र

काका, सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलो असतो तर "आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषय उडवला असता. म्हणून हे पत्र. सगळ्यांदेखत लिहितोय, कारण माझ्यासारखी अजून चार पोरं कुठल्या तरी हँगरमध्ये हीच चूक करत असणार. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते खपणार नाही.

आमचं ते सेस्ना १७२, छोटं विमान. उतरल्यावर नाकाचं चाक टेकायचं आणि वेग जरा कमी झाला की डावी-उजवीकडं फडफडायला लागायचं. दवाखान्यातली ट्रॉली जोरात ढकलली की तिचं एक चाक कसं थरथरतं, तसं. पॅनेलवरचे काटे वाचता यायचे नाहीत, पेडलं पायाखाली थडथडायची. मी शिमी डॅम्पर, म्हणजे ही फडफड दाबणारा भाग, उतरवला, लाल ५६०६ हायड्रॉलिक तेल भरलं, हवा काढली आणि परत लावला. आठ दिवस बरे गेले. पुन्हा तेच. पुन्हा भरला. शेवटी नवाच मागवू म्हणून मागणी लिहायला घेतली, आणि त्या रविवारी तुमच्या ओट्यावर फोनमधला व्हिडिओ दाखवला.

तुम्ही चष्मा वर सारून तो तीनदा बघितला. "डॅम्पर कशाला बदलूलास? तो बिचारा मार खातोय."

मग तुम्ही सांगितलं ते कोर्समध्ये मी पाठ केलेलं होतं, पण कळलं त्या दिवशी. डॅम्पर म्हणजे तेलानं भरलेली नळी, आत दट्ट्या, आणि तेलाला जायला बारीक वाट. चाक हळू वळलं तर तेल निमूट सरकतं, झटक्यानं वळलं तर अडवतं. पण झटका तयार होतो दुसरीकडंच. नाकाच्या चाकाच्या पायावर जी दुमडणारी कात्री असते, तिच्या जोडात ढिलेपणा, टायरचा तोल गेलेला, बेअरिंग सैल. मूळ तसंच ठेवून नवा डॅम्पर बसवला तर तो काही दिवस ते झाकतो, एवढंच.

"योक, म्हणजे पायलटच्या हातातलं चाक, मागं ओढून नाकावरचा भार काढला की थांबतं काय?" थांबायचं. "मग शेपटाकडं दाबून नाक उचल आणि चाक हातात धर. दाबताना शेपटाच्या आडव्या पंखावर हात ठेवू नकोस, त्याच्या पुढं, धडावर ठेव." नाक उचललं की स्ट्रट, म्हणजे चाकाचा दबणारा पाय, पूर्ण खाली येतो, चाक मधोमध अडकतं, आणि हाताला जी टकटक लागते ती जोडांतलीच असते.

लागली. स्पष्ट टकटक. कात्री उघडली तर खालचा बुश, जोडातली ती छोटी नळी, अंड्यासारखा झिजलेला, आणि एका बाजूची पातळ शिम वॉशर गायबच. मागच्या तपासणीत तो जोड मीच बसवला होता, काका. हे तुम्हाला सांगताना माझी मान खाली होती. तुम्ही रागावला नाहीत. विचारलं एवढंच, "इंजिनिअर साहेबांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. उलट माझ्या डोक्यात उद्यमबाग होती, बेळगावची कारखान्यांची वसाहत. तिथं लेथवर अर्ध्या तासात पितळी बुश करून मिळतो, आणि कामही सुरेख असतं. बेळगावच्या कारागिरांबद्दल मला शंका नाही. तुम्ही म्हणालात, "मिळेल की. पण त्याचा कागद कोण देणार? विमानात बुश बसतो आणि त्याच्याबरोबर त्याचा कागदही बसतो." एअरफोर्समधून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचं हे सुटलेलं नाही. विमान बघायला या म्हणालो तर तेही नाही. "माझी सही चालत नाही तिथं माझा हात कशाला?"

सोमवारी साहेबांना खरं सांगितलं. बोलणी बसली, रास्त होती. नोंद झाली, विमान थांबलं, कंपनीचे बुश आणि शिम आल्या. टायर उतरवलाच होता तर त्याचाही तोल बघितला: टायरवरचा लाल ठिपका व्हॉल्व्हच्या लगत हवा, तो पार उलट्या बाजूला होता. तोही माझाच पराक्रम की आधीच्या कुणाचा, ते आता कळायला मार्ग नाही. डॅम्पर जुनाच ठेवला, फक्त तेल भरून.

त्यानंतर पावसाच्या ओल्या धावपट्टीवर आणि कोरड्यावरही विमान उतरलंय. चाक सरळ धावतं. मी अजून प्रत्येक वेळी हँगरच्या दारात उभा राहून बघतो.

शेपूट दाबून बघायला कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. म्हटलं, गावात एक काका आहेत. आता साहेबांना तुम्हाला भेटायचंय. रविवारी आम्ही दोघं येतो, कुंदा घेऊन. काकूंना एक कप जास्त टाकायला सांगा.

तुमचा,
फोनवाला पोरगा