काका, ट्रक मिठावर धावला

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण तुम्ही "बरं झालं, बरं झालं" म्हणता आणि लगेच माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करता. मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. तुमच्या पुतण्याला सांगून ठेवलंय, तो मोठ्याने वाचून दाखवेल. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे चार माणसांना कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

आधी बातमी. ऑगस्ट २०२४, बॉनव्हिल, युटा. आपला १९४९ चा शेवरोले ३१०० पिकअप ताशी १२४ मैलांनी धावला. म्हणजे जवळपास २०० किलोमीटर. आपल्या वर्गाचा रेकॉर्ड अजून खूप लांब आहे. पण वेगाची नोंद असलेली चिठ्ठी हातात पडली तेव्हा पहिली आठवण तुमची झाली, आणि तुम्ही तिथे नव्हता याचं फार वाईट वाटलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. या शर्यतीत शेजारी दुसरी गाडी नसते. एक माणूस, एक गाडी, सरळ रेघ आणि शेवटी घड्याळ. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या गाड्या पळवायची, त्यांच्या क्लबांनी १९३७ साली एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना उभी केली. १९४९ साली याच संघटनेने बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक भरवला. योगायोगाने आपला ट्रकही त्याच सालचा. बॉनव्हिल म्हणजे एका आटून गेलेल्या प्राचीन सरोवराचा तळ. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि मिठाचा कडक, सपाट थर मागे राहतो. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं. १९७० साली गॅरी गॅबेलिचने 'ब्ल्यू फ्लेम' हे रॉकेटयान ताशी ६२२ मैलांवर नेलं ते इथेच. पण तिथे येणाऱ्यांत बहुतेक सगळे माझ्यासारखेच, घरच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी काम करणारे. म्हणून तर माझा जीव तिथे अडकला.

आपली ओळख इथल्या गणपतीतली. आरती झाल्यावर मी कुणाला तरी सांगत होतो की माझं इंजिन मशीन शॉपमधून तयार होऊन आलंय, आता फक्त जोडायचं. तुम्ही प्रसादाची वाटी हातात घेऊन मागे उभे होता. नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "बोअर कुणी मोजला?" बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास.

मी म्हटलं, शॉपने मोजला, कागद दिलाय.

पुढच्या रविवारी सकाळी आठला तुम्ही दारात. बगलेत लाकडी पेटी, पेटीत फडक्यात गुंडाळलेला बोअर गेज. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेला, हे मला फार नंतर कळलं. ते इंजिन म्हणजे जीएमसीचं ३०२, जुन्या मालट्रकचं, एका ओळीत सहा सिलिंडर, चार इंच बोअर आणि चारच इंच स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. तुम्ही प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजला, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा. छत्तीस आकडे. तुम्ही बोलत होता, मी वहीत लिहीत होतो. गेज आत सोडताना तुम्ही श्वास रोखायचा आणि काटा सर्वात मागे जाऊन वळला की मगच आकडा सांगायचा. चौथ्या सिलिंडरला वर आणि खाली तीन थाऊंचा, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांशांचा, फरक निघाला. तुम्ही पुन्हा मोजलं. पुन्हा तीन.

"कागद बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "भोक वाकडं आहे."

मी आणलेले पिस्टन वाया गेले. ब्लॉक तुमच्या इथल्या जुन्या कारखान्यात गेला, पुढच्या मापाला बोअर झाला, आणि होनिंग (भोक आतून घासून गुळगुळीत करणं) चालू असताना तुम्ही दिवसभर मशीनशेजारी उभे राहिलात. निवृत्त होऊन तुम्हाला सहा वर्षं झाली होती. घरी येताना गाडीत एवढंच म्हणालात, "आता जोड." त्या दिवसाचे पैसे मी किती वेळा विचारले असतील. तुम्ही दर वेळी विषय बदललात.

ट्रकचं मूळ इंजिन तुम्ही पाहिलंत तो दिवस आठवतो? २१६ घनइंचाचं, कारखान्यातून ९० हॉर्सपॉवर देणारं. रेसिंगच्या कामाचं नव्हतं, मी ते भंगारात घालणार होतो. तुम्ही तळाचं ऑइल पॅन काढलंत, कनेक्टिंग रॉडची एक टोपी उघडलीत आणि तुमचा चेहराच बदलला. आत व्हाइट मेटलचं, म्हणजे मऊ मिश्रधातूचं, ओतीव बेअरिंग. "हे आम्ही ऑइल इंजिनला भरत होतो रे!" मग दोन तास तुम्ही मला कोल्हापूर सांगितलं. व्हाइट मेटल कोणत्या रंगाला आलं की ओतायचं, निळं लावून शाफ्ट फिरवला की जिथे डाग उठतो तिथेच कसं खरवडायचं, तुमचे मेस्त्री डोळे मिटून अंगठ्याने बेअरिंग कसं बघायचे. सत्तर वर्षांपूर्वीचं अमेरिकन इंजिन आणि शिवाजी उद्यमनगर, दोन्हीकडे एकच हात. ते इंजिन मी भंगारात घातलं नाही. स्टँडवर आहे, झाकून.

आता वेल्डिंगचं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय आभाराला अर्थ नाही.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारी नळ्यांची चौकट, मी स्वतः जोडला होता. संध्याकाळचा वर्ग करून शिकलो होतो, आणि टाके दिसायला सुरेख होते, एकावर एक नाणी रचल्यासारखे. तुम्ही केबिनमध्ये वाकून पाहिलंत, एका सांध्यावरून नख फिरवलंत आणि विचारलंत, याच दिवशी, याच सेटिंगला जोडलेला एखादा सरावाचा तुकडा आहे का? होता. तुम्ही तो व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याचे दोन घाव घातले. सांधा उलगडला. आत नळीची मूळ कड जशीच्या तशी चकचकीत, वितळलेलीच नव्हती.

"वर साय, खाली पाणी. सगळं काप."

बारा सांधे होते. मला राग आला, काका. मी दोन आठवडे तुम्हाला फोन केला नाही. तुम्हीही केला नाहीत. तिसऱ्या शनिवारी तुम्ही ग्राइंडर घेऊन आलात, डोळ्यांना चष्मा लावलात आणि पहिला सांधा स्वतः कापायला घेतलात. मग मी उठलो. पुढचे पाच शनिवार आपण तेच केलं. आधी तुकडा, मग तुकडा कापून बघायचा, मग सांधा. तुम्ही एकही टाका मारला नाहीत. "तू आत बसणारायस, तूच जोड." पण प्रत्येक टाक्याला माझ्या खांद्यामागे उभे होता, आणि माझा हात घाईला आला की नुसतं "हं" म्हणायचात.

पेट्रोलच्या टाकीचं तसंच. १९४९ पासून शेवरोलेने या ट्रकची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे ठेवली होती. मला ती जुनी म्हणून प्रिय होती. तुम्ही म्हणालात, "पेट्रोल पाठीला बांधून कुठं निघालास?" आणि ती निघाली. मागच्या बॉक्समध्ये सेफ्टी सेल, म्हणजे सहज न फुटणारी टाकी, बसला, त्याच्याभोवती चौकट, आणि मागची बाजू हलकी म्हणून एक्सलवर पोलादी प्लेटा. मिठावर पकड महत्त्वाची, तिथे गाडी जड असलेली चालते, हे तुम्हाला दोन वाक्यांत पटलं. मला पटायला एक वर्ष लागलं होतं.

गिअरचं गणित तुम्ही पाकिटाच्या मागे केलंत, ते पाकीट माझ्याकडे आहे. मूळचा मागचा रेशो ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्ह शाफ्टचे ४.११ फेरे. अठ्ठावीस इंची टायर आणि ५००० आरपीएम धरले तरी कागदावर जेमतेम १०१ मैल. ३.०० घातला तर १३९. आणि चार मेन बेअरिंगवरचा लांब क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, वरच्या वेगाला पिळवटतो म्हणून तुम्ही ५००० च्या पुढे लाल रेघ मारलीत आणि त्याचे हादरे शोषणारा नवा डँपर घेतल्याशिवाय इंजिन सुरूच करू दिलं नाहीत. आकड्याखाली तुमच्या अक्षरात लिहिलंय: "मीठ आपला वाटा घेणार."

२०२२ साली आपण दोघं गेलो होतो. चौदा तासांचा प्रवास, मागे ट्रेलरवर ट्रक, तुमच्या डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मिठागराजवळच्या वेन्डोव्हर गावाला पोचलो तर मिठागराचं तळं झालेलं. पावसाने स्पीड वीक रद्द. २०१४ ला पावसाने असंच झालं होतं, २०१५ ला मिठाचा थरच धड नव्हता, हे मला ठाऊक होतं, पण स्वतःच्या वाट्याला आलं की कळतं. मी गाडीतून उतरलोच नाही. तुम्ही मात्र पँट दुमडून घोट्याइतक्या पाण्यात गेलात, खाली वाकून तळ चाचपलात आणि परत येऊन म्हणालात, "खालचं घट्ट आहे. पंचगंगेचं बघितलंय मी. पाणी काय, वसरतंय."

त्याच हिवाळ्यात तुम्ही कायमचे कोल्हापूरला गेलात. पेटी मला देऊन.

तर यंदाचं ऐका. तपासणीला उभा राहिलो. इथले तपासनीस सगळे स्वयंसेवक, आणि एकही गोष्ट सोडत नाहीत. बेल्टची तारीख, आग विझवायची यंत्रणा, ड्राइव्ह शाफ्टखालचा पट्टा, सगळं. पूर्ण सूट, हेल्मेट, बेल्ट अशा अवस्थेत मला स्वतःहून बाहेर पडून दाखवावं लागलं. मग तुमच्याच वयाचे एक गृहस्थ छोटा आरसा घेऊन केबिनमध्ये शिरले. सांध्यांच्या पाठीमागची, कुणाला न दिसणारी बाजू आरशात बघत होते. बारावा सांधा झाल्यावर विचारलं, हे कुणी जोडलं? मी म्हटलं, मी. शिकवलं कुणी? मी तुमचं नाव सांगितलं, गावही सांगितलं. त्यांना ते उच्चारता येईना, दोनदा विचारून घेतलं. मग सही केली. काका, तुमच्याशी दोन आठवडे अबोला धरलेला माणूस मीच, हे आठवून मला तिथे बोलता येईना.

धाव अशी झाली. सकाळची वेळ, हवा थंड. मीठ बुटाखाली करकरतं आणि हात लावला तर ओलसर लागतं. पहिल्या मैलात मी पाय दाबून ठेवला नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीनपर्यंत मोजत मोजत दाबला. तिसऱ्या गिअरला मागच्या चाकाची पकड एकदा सुटली, ट्रक बोटभर डावीकडे गेला आणि आपसूक परत आला. त्या प्लेटा आठवल्या. दुसऱ्या मैलाची पाटी गेली. आवाज इतका एकसंध होता की त्यात सहा सिलिंडर वेगळे ऐकूच येत नव्हते. चौथा कोणता, हे मी खरंच शोधत होतो. काटा ४७०० ला गेला आणि तिथे थांबला. ऑइल प्रेशर जराही हललं नाही. तिसरा मैल.

४७०० आरपीएमला तुमच्या पाकिटावरच्या हिशेबाने १३० मैल यायला हवेत. चिठ्ठीवर आले १२४. मिठाने घेतलेला वाटा म्हणजे सहा मैल. घरी आल्यावर दोन दिवस ट्रक धूत होतो, अजूनही दाराच्या फटीतून मीठ गळतं.

काका, तुमच्यामुळे मी आज आहे तसा बसून हे लिहू शकतोय, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ते पहिले बारा सांधे तसेच राहिले असते आणि ती पकड सुटली तेव्हा ट्रक परत आला नसता तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. माझ्या बायकोलाही माहीत आहे. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि काकूंना वेगळं पत्र लिहिलं आहे. पाच-सहा वर्षांचे शनिवार काकूंनी आम्हाला दिले, त्यांचेही आभार मानायचे राहिलेत.

सोबत चिठ्ठीची प्रत आणि सहा स्पार्क प्लगांचा फोटो पाठवतोय. तिसरा मैल संपताच इग्निशन बंद करून ट्रक तसाच घरंगळू दिला होता, त्यामुळे प्लग खरं सांगतायत. पहिला आणि सहावा बदामी रंगाचे आहेत, पण तिसरा-चौथा काळपट, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त जातंय. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून ४२०० फुटांवर, हवा विरळ, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, आधीच दोन नंबर कमी केले होते. मधल्या कार्ब्युरेटरचा अजून एक कमी करू, की आधी तिथला फ्लोट बघू? पुतण्याला फोटो मोठा करून दाखवायला सांगा आणि काय ते कळवा. तोवर हात लावत नाही.

तुमचा,
नाशिककर