इंजिन नवं घ्यायचं की जुनंच बांधायचं, मनूला पत्र

प्रिय मनू,

आपल्या मासेमारी बोटीच्या इंजिनच्या खर्चाचं तुझं एक्सेल मिळालं. आईने मोबाईल लांब धरून वाचलं आणि म्हणाली पोर बरोबर बोलते, रिपेअरचा खर्च नव्या इंजिनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर सरळ नवं घ्या. फोनवर तू मीटिंगमध्ये असतेस आणि मी मुद्द्यावर आलो की इकडची रेंज जाते, म्हणून सगळं टाईप करून पाठवतोय, रात्री निवांत वाच. नव्या इंजिनसाठी पर्सनल लोनचा फॉर्म तेवढा भरू नको.

निम्म्याचा नियम मला मान्य आहे, पण निम्मं कशाचं ते बघ ना. तू कोटेशनमधला इंजिन अधिक गिअरबॉक्सचा आकडा धरलास, तुझ्या पर्चेसमध्ये तो तसाच धरतात. बोटीत तसं होत नाही गो. आपलं इंजिन सावकाश फिरणारं, जड. आता जे दाखवतात ते हलकं आणि जास्त आरपीएमचं, म्हणजे गिअरबॉक्सचा रेशो वेगळा, रेशो वेगळा म्हटल्यावर बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा वेगळा, आणि पंखा चुकला की इंजिनवर लोड येऊन काळा धूर सुरू आणि डिझेल दीडपट. परत इंजिन बसतं त्या बेडची उंची जुळत नाही म्हणून सुतार आला, शाफ्ट कपलिंग सायलेन्सरचा पाईप पॅनेलची वायरिंग हे सगळं त्याच्या मागोमाग. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणायची अलाइनमेंट जमिनीवर एकदा करायची आणि बोट पाण्यात गेल्यावर परत करायची, कारण लाकडी बोट तरंगायला लागली की तिचा आकार थोडा बदलतो, वरती अगदी बरोबर जुळवलेलं कपलिंग खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची बारीक पट्टी, घालून बघितलं तर फरक दाखवतं. शिवाय रजिस्ट्रेशनवर इंजिनचा नंबर आणि हॉर्सपॉवर असतो, तो बदलायचा, विम्यातही कळवायचं. तुझ्या शीटमध्ये या कशाचाच रकाना नाहीय. तो घातलास तर तुझं निम्मं कुठच्या कुठे सरकतं बघ.

आता झालं काय ते नीट सांगतो, दादाने तुला नुसतं "इंजिन जाम" एवढंच सांगितलेलं दिसतंय. मे अखेरची फेरी, पावसाळ्यातली मासेमारी बंदी तोंडावर, आणि समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तोंडाला प्लास्टिक बसलं. पंप कोरडा फिरला, त्याच्या इंपेलरची रबराची पाती तुटून पुढे हीट एक्सचेंजरमध्ये जाऊन अडकली आणि इंजिन तापलं. ड्रायव्हरला वास आला, त्याने बंद केलं आणि परत चालू करून बघितलं नाही, त्याने क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, वाचला असं मिस्त्री म्हणतो. बरेच जण थंड झाल्यावर एक स्टार्टर मारून बघतात, तिथेच उरलंसुरलं जातं. दुसऱ्या बोटीने ओढून बंदरात आणलं. उघडल्यावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालची सील, गेलेली, दोन लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यांवर, उभे ओरखडे, त्यांचे पिस्टन घासलेले, आणि ऑईलमध्ये पाणी, अगदी दुधाच्या चहासारखं झालेलं. नशीब एवढंच की ते आतल्या बाजूचं गोडं पाणी होतं. खारं पाणी आत राहिलं असतं तर दोन-तीन दिवसांत सगळं गंजायला लागतं, बुडालेल्या बोटीचं इंजिन म्हणून तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आणि मग डिझेलने धुवून काढावं लागतं, पंचनाम्याची वाट बघत बसला तो गेला.

इंजिन उघडायच्या आधीच मी मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं, क्रँकला तडा निघाला किंवा ब्लॉकमध्ये लायनर बसतो ती जागा खाल्लेली निघाली की आपण थांबायचं आणि नवं बघायचं, मग मला जुन्याचं प्रेम आहे वगैरे कोणी बोलायचं नाही. हे आधी ठरवलेलं बरं असतं. एकदा थोडे पैसे घातले की माणूस आणखी घालत जातो, पंधरा हजारात होईल म्हणून सुरू केलेलं काम असं वाढत गेलेलं आपल्या बंदरात कितीतरी जणांचं बघितलंय मी.

क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. इकडेही लेथवाले आहेत, पण क्रँक ग्राइंडिंग आणि तडा तपासणं दोन्ही एका ठिकाणी व्हावं असं मला वाटत होतं. गगनबावड्याच्या घाटात समोरचं काही दिसत नव्हतं एवढा पाऊस आणि मागे टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेला क्रँक, आई सारखी फोन करून विचारत होती पोचलात काय. तिथे क्रँकला चुंबकत्व देतात, त्यावर चमकणारी पावडर सोडतात आणि अंधारात निळ्या दिव्याखाली बघतात, तडा असेल तर तिथे पावडर जमून रेघ दिसते. आपल्याला रेघ दिसली नाही. मग मायक्रोमीटर लावून प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकवरचा बेअरिंग बसतो तो गोल भाग, आडवा-उभा मोजला. मागच्या ओव्हरहॉलला तो ग्राइंडिंग करून 0.25 मिलिमीटर बारीक केलेला आहे, यावेळी 0.50 पर्यंत नेला की साफ येतोय. ब्लॉक बरा आहे, मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत आहेत, लायनरच्या बैठकीला थोडे खड्डे आहेत पण ओ-रिंग बसते त्या जागेला नाहीत. दोन हेडपैकी एकाला दोन व्हॉल्वच्या मधे तडा आहे. बिडाला वेल्डिंग करून देणारे भेटतात, करूनही देतात, पण दुसऱ्यांदा तापलं की परत तिथेच उघडतं, म्हणून ते एक हेड नवीन घेतोय. सहाही लायनर, पिस्टन, रिंगा नवीन, दोनच बदलून चार जुने ठेवायचे हे मला पटत नाही, चुलत्याने तसं केलं होतं आणि दिवाळीत परत उघडलं.

आणि एक गोष्ट जी बहुतेक लोक विसरतात, ऑईल कूलर. बेअरिंग घासलं की त्याचा भुगा ऑईलबरोबर फिरून कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो, कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. नवीन बेअरिंग घालून जुना कूलर लावला तर पहिल्या शंभर तासात तोच भुगा सुटून बाहेर येतो आणि मग लोक म्हणतात रिपेअर केलेलं इंजिन टिकत नाही. कूलर नवीनच. ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटांचे प्लग काढून ब्रश घालून साफ करायला मिस्त्री कुरकुरतोय, मी समोर बसून करून घेणार आहे.

हे सगळं धरून, तुझ्या शीटमध्ये मी सांगितलेले रकाने घालून, आपण नव्याच्या निम्म्याच्या बरेच खाली राहतोय. ट्रकचं रिकंडिशन इंजिन घेऊन मरीन, म्हणजे बोटीला चालेल असं, करून लावायचं असं दादा म्हणत होता, स्वस्त पडतं खरं, पण ते आधी कुठे किती तापलंय ते कोण सांगणार, निदान आपल्याचा इतिहास आपल्याला माहीत आहे. चायना इंजिनचं तू लिहिलंस, चालतात, बऱ्याच बोटींवर आहेत, पण ऑक्टोबरमध्ये पार्ट अडला आणि आठ दिवस बोट जेटीला बांधून राहिली तर बर्फ, खलाशांचा पगार, सगळं अंगावर.

नवं कधीच घ्यायचं नाही असं माझं म्हणणं नाही हां. 0.50 नंतर क्रँकला 0.75 चा एक टप्पा उरतो, आणि तोपर्यंत वरचा कडक थर किती राहिला असेल याची मला खात्री नाही. म्हणजे मोठं काम हे शेवटचं समज. पुढे काही झालं तर नवीनच, आणि त्यासाठी या सीझनपासून आई वेगळे पैसे टाकणार आहे. पण आत्ता लोन नको कारण हप्ता जून-जुलैलाही येतो आणि 1 जून ते 31 जुलै आपल्या घरात मासळीचा रुपया येत नाही. तो हप्ता तुझ्या पगारातून जाणार, आणि तुझं भाडं, तुझी बीसी, सगळं मला माहीत आहे.

मदत करायचीच असेल तर शनिवारी नाना पेठेत जा. मेन आणि बिग एंड दोन्ही बेअरिंग सेट 0.50 अंडरसाईझ, म्हणजे बारीक केलेल्या क्रँकला बसणारे, घे, ते स्टँडर्ड देतील आणि सेमच आहे म्हणतील, बॉक्सवर नाही तर बेअरिंगच्या पाठीवर कोरलेलं वाचून घे. इंपेलर दोन घे, एक बोटीवर राहील. हेडचा पार्ट नंबर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप केलाय, शेवटचं अक्षर बी आहे, आठ नाही, फोटोत तसं दिसतंय. बिल आईच्या नावावर घे, बोट तिच्या नावावर आहे. एसटीच्या पार्सलने पाठवू नको, दादा पुढच्या आठवड्यात येणार आहे तो घेऊन येईल, त्याच्याकडे तुझ्यासाठी सुके बांगडे दिलेत, फ्रीजमध्ये ठेव नाहीतर तुझ्या रूममेट परत ओरडतील.

तुझा
बाबा