उसन्या खोलीतली अनोळखी माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, सध्या हिंदीत डब होऊन कोल्हापुरात लागलेल्या एका इंग्रजी थरारपटाविषयी प्रेक्षकांची मते छापून आली आहेत. सात अनोळखी माणसे एका बंद गोदामात शुद्धीवर येतात, भिंतीवरचे घड्याळ उलटे चालू लागते आणि ध्वनिक्षेपकातून एक आवाज त्यांना बजावतो की पहाटेपर्यंत तुमच्यातला एकच जण जिवंत बाहेर पडेल, अशी त्याची गोष्ट आहे. निम्म्या वाचकांनी ‘सरळसरळ उचलेगिरी’ म्हणून तो निकालात काढला आहे, तर उरलेल्यांनी ‘डोके घरी ठेवून गेलात तर पैसे वसूल’ असे प्रशस्तिपत्र दिले आहे. मी हा चित्रपट भाच्याबरोबर संध्याकाळच्या खेळाला पाहिला. दोन्ही मते मला अपुरी वाटली, म्हणून हे पत्र.

उचलेगिरीच्या आरोपाने सुरुवात करतो. अनोळखी माणसांना एका जागी कोंडून एकेकाला टिपायचे, ही युक्ती आजची नाही. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३९ सालच्या कादंबरीत दहा जणांना एका बेटावर नेऊन ती अशी वापरली की पुढच्या साऱ्यांना त्या बेटावरूनच जावे लागले. राजा नवाथे यांनी १९६५ मध्ये ‘गुमनाम’ केला तेव्हा त्यांनीही तीच वाट धरली, आणि म्हणून तो चित्रपट आपल्या लोकांनी कमी आवडीने पाहिला असे काही झाले नाही. कोल्हापूरकरांनी तर कथेच्या नवेपणाचा फार आग्रह धरूच नये. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला तेव्हा शेवटी कीचक मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक होते. तरीही तो वध इतका खरा वाटला की सेन्सॉरला कात्री चालवावी लागली. गोष्ट कुठून आणली यापेक्षा आणल्यावर तिचे काय केले, हे पाहायला हवे. उचलेगिरी म्हणणारे वाचक या दुसऱ्या प्रश्नापर्यंत येतच नाहीत, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार आहे.

या प्रकारचे चित्रपट इतके का निघतात, याचे कारण मला हौशी रंगभूमीवर तीस वर्षे प्रकाशयोजना केल्यामुळे लगेच उमगते. एक खोली, मोजके नट आणि कपडेपट बदलण्याची गरज नाही. एकांकिका स्पर्धेत दरवर्षी एखादा तरी संघ लिफ्टमध्ये नाहीतर प्रतीक्षागृहात अडकलेली माणसे घेऊन येतो, तो याच हिशेबाने, आणि त्यात काही गैर नाही. १९९७ चा ‘क्यूब’ हा कॅनडाचा चित्रपट याच हिशेबातून उभा राहिला. त्यात असंख्य घनाकृती खोल्या दिसतात, पण प्रत्यक्षात चौदा फुटांची एकच खोली पूर्ण बांधलेली होती. भिंतींच्या फळ्या सरकवून तिचा रंग बदलत. तो बदलण्यात वेळ जाई, म्हणून तांबड्या खोलीतले सगळे प्रसंग एकदम, मग निळ्या खोलीतले, असे उलटसुलट क्रमाने चित्रण केले गेले. आम्ही तीन दिव्यांवर जिलेटिनचे कागद बदलून पहाट, दुपार आणि दवाखाना उभा करत असू, त्यामुळे ही हकिकत वाचल्यापासून दिग्दर्शक व्हिन्सेंझो नताली हे मला आमच्याच पंगतीतले वाटतात. २००४ चा ‘सॉ’ अवघ्या अठरा दिवसांत चित्रित झाला. एका घाणेरड्या न्हाणीघरात साखळीने बांधलेले दोन पुरुष, मध्ये एक प्रेत, एवढ्या भांडवलावर त्याने जगभरात दहा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि त्यानंतर अनुकरणाची रांग लागली.

आता या रांगेतल्या मंडळींनी काय उचलले आणि काय टाकून दिले, ते पाहण्यासारखे आहे. ‘क्यूब’मध्ये माणसांशी बोलणारा आवाज नाही, घड्याळ नाही, बक्षीसही नाही. कोंडलेल्यांपैकी एक जण पुढे कबूल करतो की या सापळ्याचे बाहेरचे कवच त्यानेच कागदावर आखले होते. ते कशासाठी हे त्याने कोणाला विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगू शकेल असा कोणी होता की नाही, याचीच शंका. प्रत्येक जण आपापला तुकडा करून पुढे पाठवत राहिला आणि त्यातून माणसे मारणारे यंत्र उभे झाले. ज्याने आयुष्यात कधी कार्यालयात बसून फाइल पुढच्या टेबलावर सरकवली आहे (मी छत्तीस वर्षे सरकवली), त्याच्या अंगावर त्या संवादाने काटा येतो. ‘सॉ’ने या निर्विकार यंत्राच्या जागी एक माणूस आणि त्याचा आवाज आणला, पण त्या आवाजाला स्वतःचे विकृत का होईना, तत्त्वज्ञान होते: ज्यांना जिवंतपणाची किंमत नाही, त्यांना ती शिकवायची. पुढच्यांनी आवाज तेवढा ठेवला. आपल्याकडे लागलेल्या चित्रपटात तो आवाज नियम सांगतो, धमक्या देतो आणि शेवटी पडद्यांच्या भिंतीसमोर बसलेले चार श्रीमंत पैजा लावत होते, असा खुलासा दहा मिनिटे चालतो. तो खुलासा ऐकून माझ्या शेजारच्या गृहस्थांनी भ्रमणध्वनी काढून घरी भाजी काय केली आहे ते विचारले. त्यांना मी दोष देत नाही.

‘डोके घरी ठेवा’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे. त्यांचे म्हणणे असे की माणूस कोंडला की असाच वागणार, दहा मिनिटांत एकमेकांच्या नरडीला हात घालणार, मग त्यात खोट कसली काढायची? यावर कोल्हापूरच्या प्रेक्षकाने तरी मान डोलावू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथे ४३ फुटांनाच धोका मानतात. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस ट्रक जागच्या जागी उभे होते. शाहूपुरीत माझी बहीण राहते त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाच बिऱ्हाडे आणि कामानिमित्त आलेला, कोणाच्याही ओळखीचा नसलेला बेळगावचा एक औषधविक्रेता, असे सगळे चार दिवस अडकले होते. कोणी कोणाच्या नरडीला हात घातला नाही. पण म्हणून तिथे नाट्य नव्हते असे नाही. एका घराने पाण्याचे दोन जार पलंगाखाली दडवले आणि ते दुसऱ्या दिवशी लहान मुलाच्या तोंडून फुटले. त्यानंतर त्या घरच्या बाईंनी प्रत्येकाला इतक्या आग्रहाने पाणी पाजले की लोकांना संकोच वाटू लागला. एकाच्या इन्व्हर्टरवर भ्रमणध्वनी कोणी किती वेळ लावायचा यावरून दोन सख्खे शेजारी असे बिनसले की पाणी ओसरल्यावरही वर्षभर बोलत नव्हते. बोट आल्यावर वाद झाला तो आधी कोण उतरणार याचा नव्हता. दोन म्हातारी माणसे ‘आम्ही घर सोडून येत नाही’ म्हणून हटून बसली होती आणि त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्यांना खाली आणले ते त्या बेळगावच्या परक्याने, कानडी-मराठीची खिचडी बोलत.

मला पडद्यावर एवढेच पाहायचे असते, असे नाही. भीतीही हवी असते, रक्ताचेही मला वावडे नाही. पण दडवलेल्या जारापासून सुरुवात करून खुनापर्यंत नेले असते, तर मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो असतो. या गोदामात माजी सैनिक पहिल्या प्रसंगात चिडका असतो आणि मरेपर्यंत चिडकाच राहतो. डॉक्टरीण हळवी ती हळवीच. जुगारी लबाड तो लबाडच. खोलीने कोणाचे काहीच बदलत नसेल, तर कोंडायचे कशाला? तेंडुलकरांनी १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक लिहिले तेव्हा ना घड्याळ लावले ना सापळा. गंमत म्हणून मांडलेला खटला अंगावर येऊ लागतो, आरोपी ठरवलेल्या बेणारे बाई निघून जायला दाराशी जातात आणि दाराला बाहेरून कडी लागलेली असते. ओळखीच्याच, रोज एकमेकांबरोबर उठबस करणाऱ्या माणसांत ती एक कडी जे करते, ते या गोदामातल्या विजेच्या तारा आणि आम्लाच्या टाक्या मिळून करू शकत नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृहात एका संघासाठी मी त्या प्रवेशाचे दिवे सांभाळले होते. कडी लागलेली कळताच प्रेक्षागृहातला खोकला थांबायचा, हे मी स्वतः ऐकले आहे.

भाच्याचे मतही नोंदवायला हवे, कारण आपल्या पुरवणीत त्याच्या वयाच्या कोणाचेच मत नव्हते. तो बारावीत आहे. पायऱ्या उतरताना म्हणाला, “मामा, मला तर आवडला, असलं मी पहिल्यांदाच बघितलं.” त्याचा हा आनंद खरा होता, आणि ‘आम्ही हे वीस वर्षांपूर्वी पाहिले आहे’ अशी फुशारकी मारून तो मी मोडला नाही. मात्र गंगावेशीत दुधाचा पेला संपेपर्यंत आमचे बोलणे त्याच्या क्लासच्या फीवर आलेले होते. पुढच्या रविवारी त्याला घरी ‘क्यूब’ दाखवला. त्यात खोल्यांच्या दारांवर कोरलेल्या आकड्यांवरून सापळा ओळखताना मूळ संख्यांचा हिशेब येतो. भाच्याने मध्येच थांबवायला लावून वहीत तो स्वतः करून पाहिला आणि चित्रपटात तो हिशेब करणाऱ्या पोरीच्या आधी उत्तर काढले, याचा त्याला अजून अभिमान आहे. त्यातल्या पात्रांची नावे वेगवेगळ्या तुरुंगांवरून ठेवलेली आहेत, हे त्याला मी मागाहून सांगितले, तेव्हा त्याने ती सगळी नावे न अडखळता म्हणून दाखवली.

यावरून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या खेपेला प्रतिक्रिया मागवताना ‘आवडला की नाही’ याच्या जोडीला, चित्रपटातल्या किती पात्रांची नावे आठवतात, हेही वाचकांना विचारावे. मला त्या गोदामातल्या सातांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही. भाच्याला एक आठवते, तेही त्या माणसाच्या गळ्यात शेवटपर्यंत ओळखपत्र लटकत होते म्हणून.

आपला नम्र,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर