उद्योगमंत्री साहेब, शेडवरच्या फोमला काहीतरी नियम लावा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब नमस्कार, वाळूजला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मे महिन्यात पत्र्याखाली काय भाजतं ते इथल्या कुठल्याही कामगाराला विचारा, आणि जून आला की तोच पत्रा गळतो, म्हणून आता जो तो जुन्या पत्र्यावर पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून घेतोय. फोमबद्दल तक्रार नाही. दोन केमिकल गनमध्ये मिसळून पत्र्यावर पडतात, काही सेकंदात साधारण 30 पट फुगतात, सांधे, पत्रा अडकवायच्या जे-हुकची भोकं सगळं बुजतं, गर्मी पण अडते. वर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काम बंद ठेवायची गरज नाही. इथंच घोळ आहे.

त्यातलं एक केमिकल म्हणजे आयसोसायनेट, श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. मारणाऱ्याला हवेचा पुरवठा असलेला मास्क पाहिजे, खालची माणसं बाहेर पाहिजेत. आमच्याकडे वर पोरं तोंडाला रुमाल बांधून, अन् खाली शिफ्ट चालू!

सिमेंटच्या पत्र्याचं तर विचारूच नका. जुना सिमेंट पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस, फोम चिकटावा म्हणून तो वायर ब्रशने खरडतात, ते तंतू कुठं जातात? आणि एकदा फोमखाली झाकला की कुठला पत्रा तडकलाय, उजेडासाठी बसवलेली प्लास्टिकची शीट कुठं होती काही दिसत नाही, उद्या वर चढलेला माणूस थेट खाली.

बाकी मग ओल्या पत्र्यावर मारायचं (पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई), फोड येतात, गंज आतल्या आत चालूच. वरचं कोटिंग पैसे वाचवायला गाळायचं, उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो.

फोम फुगवायला वापरायचे ते एचसीएफसी-141बी हे केमिकल ओझोनचा थर वाचवायला 2020 पासून देशात बंद केलंच ना, म्हणजे केमिकलला नियम लागतो, मग मारणाऱ्याला का नाही? कारखान्यातली सेफ्टी कामगार खात्याकडे आहे हे माहितीये, पण औद्योगिक वसाहती तुमच्या आहेत, दोघांनी बसून एक सर्क्युलर काढा. फोम मारणाऱ्याला ट्रेनिंग आणि लायसन्स, काम चालू असताना शेड रिकामी, ॲस्बेस्टॉस खरडायला बंदी, आणि बिल देण्याआधी फोमचा तुकडा कापून जाडी अन् ओल तपासायची. पुढच्या उन्हाळ्याची कोटेशनं दिवाळीनंतर फिरायला लागतात, त्याच्या आत निघालं तर बरं.

आपला,
वाळूजचा एक वर्कशॉपवाला