रॅडबोर्न गप्प बसून खेळला नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावर वर्कलोड मॅनेजमेंटवर जो लेख आला त्यात शेवटी 1884 सालच्या प्रॉव्हिडन्स ग्रेज या बेसबॉल टीमचं आणि त्यांचा पिचर (म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा) चार्ल्स रॅडबोर्न याचं उदाहरण दिलंय, की बघा जुने खेळाडू कसे तोंडातून अवाक्षर न काढता सीझनभर एकट्याच्या खांद्यावर टीम ओढायचे आणि आजचे बोलर चार मॅच झाल्या की रेस्ट मागतात. आपल्याकडे बेसबॉलवर कोणी चार ओळी छापतं याचाच मला खूप आनंद होतो, मी स्वतः शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलोय आणि आता मुलींच्या टीमला शिकवतो, त्यामुळे लेख लगेच वाचून काढला. पण रॅडबोर्नबद्दल लिहिलंय ते खऱ्याच्या अगदी उलट आहे, आणि हे पान शाळेतली पोरं वाचतात म्हणून हे पत्र.

त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये आठ टीम होत्या. प्रॉव्हिडन्स म्हणजे र्‍होड आयलंड या अमेरिकेतल्या सगळ्यात छोट्या राज्यातलं गिरण्यांचं गाव, समोर न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन अशी मोठी शहरं. टीमकडे मेन पिचर दोन, एक रॅडबोर्न आणि दुसरा चार्ली स्वीनी. स्वीनी तरुण आणि भन्नाट, 7 जूनला त्याने बॉस्टनचे 19 बॅटर स्ट्राइकआउट केले (म्हणजे तीन स्ट्राइक टाकून बाद केले), आणि त्याचं एवढं कौतुक सुरू झाल्यावर रॅडबोर्नचं बिनसलं. दोघांचं पटेना. जुलैच्या मध्यात बॉस्टनकडून एक मॅच हरताना रॅडबोर्नचा ताबा सुटला, त्याने मुद्दाम वाईट टाकलं असा आरोप झाला आणि क्लबने त्याला चक्क सस्पेंड केलं. म्हणजे लेखात ज्याला निमूट सोसणारा म्हणून दाखवलंय तो माणूस ऐन सीझनमध्ये भांडून घरी बसलेला होता.

मग 22 जुलै आला. फिलाडेल्फियाविरुद्ध घरच्या ग्राउंडवर मॅच, नऊपैकी सात इनिंग झाल्यात, प्रॉव्हिडन्स 6-2 ने पुढे, स्वीनी टाकतोय. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टने त्याला सांगितलं की आता तू राइट फील्डला, म्हणजे उजवीकडे लांब फील्डिंगला जा आणि तिथल्या मिलरला पिचिंगला येऊ दे. स्वीनी पिऊन आला होता असं सांगतात, त्याने सरळ नकार दिला आणि ग्राउंड सोडून निघून गेला. तेव्हा दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू घेता येत नव्हता, म्हणून उरलेली मॅच आठ जणांनी खेळून काढली आणि 10-6 ने हरले. क्लबने स्वीनीला काढून टाकलं, तो तिकडे युनियन असोसिएशन नावाच्या नव्या लीगमध्ये सेंट लुईसला गेला. आता एक पिचर पळालेला, दुसरा सस्पेंड, आणि डायरेक्टर लोक टीमच बंद करायची का यावर बोलायला लागले.

आता खरा मुद्दा. त्या काळी रिझर्व्ह नावाचा नियम होता, 1879 मध्ये मालकांनी आपापसात ठरवून सुरू केलेला, सुरुवातीला प्रत्येक क्लबचे पाच खेळाडू आणि मग वाढत गेले. नियम असा की सीझन संपला, करार संपला तरी क्लबने ज्याला राखून ठेवलंय त्याला दुसरा कुठलाही क्लब घेणार नाही, मग मिळेल त्या पगारात तिथेच खेळा नाहीतर घरी बसा. रॅडबोर्नला हे पक्कं ठाऊक होतं आणि क्लबची गरजही ठाऊक होती. तो म्हणाला मी उरलेला सीझन पिचिंग करतो, पण मला जादा पैसे पाहिजेत आणि सीझन संपल्यावर या रिझर्व्हमधून मोकळं करायचं. क्लबने मान्य केलं. म्हणजे जे काही पुढे झालं ते सौदा करून झालं, स्वतःच्या कष्टाची किंमत आधी ठरवून. मला तर यासाठी तो माणूस जास्त मोठा वाटतो.

आणि मग त्याने जे केलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. तिथून चॅम्पियनशिप पक्की होईपर्यंतच्या 43 मॅचपैकी 40 मध्ये सुरुवात त्याने केली आणि 36 जिंकल्या. मध्ये टीमने ओळीने 20 मॅच जिंकल्या. पूर्ण सीझनमध्ये 73 मॅच त्याने सुरू केल्या आणि त्या 73 च्या 73 स्वतःच संपवल्या, 678 इनिंगच्या वर पिचिंग, 441 स्ट्राइकआउट. एका इनिंगमध्ये तीन आउट धरले तर दोन हजारांपेक्षा जास्त आउट एका खांद्यावर झाले! तेव्हा पिचर बॅटरपासून 50 फुटांवर उभा असायचा, आजच्यासारखा 60 फूट 6 इंचांवर नाही, आणि बॅटर आधीच सांगू शकायचा की मला बॉल वर पाहिजे की खाली. त्यामुळे आजच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये हे बरोबर, पण खांदा तर माणसाचाच होता ना. सकाळी केस विंचरायला हात वर जात नव्हता असं त्याच्याबद्दल सांगतात. ग्राउंडवर लवकर यायचा, आधी अगदी चार पावलांवरून हळूहळू बॉल टाकायचा, मग थोडं मागे, अजून मागे, असं करत करत शेवटी लांब आउटफील्डमधून फेकायला लागला की बाकीच्यांना कळायचं की आज हात चालणार. मी माझ्या मुलींना वॉर्मअप असाच शिकवतो, जवळून लांब, घाई नाही.

त्याचे बॉल घेणाऱ्या कॅचरचं नाव तर कोणीच घेत नाही, बार्नी गिलिगन, लहानखुरा माणूस, तेव्हाचे ग्लोव्ह म्हणजे नुसतं पातळ चामडं. पहिल्या बेसवर जो स्टार्ट, वय 41. मधल्या फील्डला पॉल हाइन्स. एकट्याने टीम ओढली म्हणताना हे लोक विसरू नयेत.

सीझन संपला तेव्हा प्रॉव्हिडन्स 84 जिंकून 28 हरलेले, दुसऱ्या नंबरवरचं बॉस्टन साडेदहा गेम मागे. मग ऑक्टोबरच्या 23 ते 25 तारखांना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर दुसऱ्या लीगच्या म्हणजे अमेरिकन असोसिएशनच्या चॅम्पियनशी, न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी तीन मॅच झाल्या, तिन्ही प्रॉव्हिडन्सने जिंकल्या आणि तिन्ही रॅडबोर्नने टाकल्या. दुसऱ्या मॅचला जेरी डेनीने होमरन मारून एका फटक्यात तीन रन दिले, त्यावरच ती 3-1 ने सुटली. तिसऱ्या मॅचला थंडी एवढी की प्रेक्षक अगदी थोडे, आणि अंपायर म्हणून उभा राहिला तो न्यूयॉर्कचाच पिचर टिम कीफ.

ठरल्याप्रमाणे मोकळा झाल्यावरही रॅडबोर्न पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सकडेच खेळला, पण स्वतःच्या मर्जीने. 1885 संपताना क्लबच बंद पडला. पुढे 1890 मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतःची प्लेयर्स लीग काढली तेव्हा रॅडबोर्न तिकडे गेला आणि त्याच्या बॉस्टन टीमने ती जिंकली. ही लीग उभी करण्यात पुढे होता जॉन माँटगोमेरी वॉर्ड, जो 1879 च्या प्रॉव्हिडन्सच्या चॅम्पियन टीमचा पिचर होता. 1897 मध्ये फक्त 42 वर्षांचा असताना रॅडबोर्न गेला.

साहेब, माझ्या टीममधल्या एका पोरीचा खांदा पूर्वी दुसरीकडे खेळताना कायमचा गेला कारण दुखतंय म्हटलं की तिला नाटकं करू नको असं ऐकवायचे. तिच्या वयाच्या मुलांपुढे रॅडबोर्नला न बोलणारा म्हणून ठेवलं तर ती दुखणं लपवतील. दुखतंय हे सांगायचं, किती टाकणार ते आधी ठरवायचं, रॅडबोर्ननेही आपल्या अटी आधी बोलूनच टाकलं होतं. म्हणून विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर 22 जुलै आणि त्या सौद्याची गोष्ट छापावी, जमल्यास वॉर्डचीसुद्धा.

आणि अजून एक, लेखात रॅडबोर्नचे विजय 60 दिलेत, ते चूक नाही पण सोबत 59 हा आकडाही द्यायला पाहिजे, कारण 28 जुलैच्या फिलाडेल्फियाच्या मॅचमध्ये मिलर पाच इनिंग टाकून पुढे असताना रॅडबोर्न आत आला, स्कोररने विजय रॅडबोर्नला दिला आणि नंतरच्या नियमाने तो मिलरचा होतो, त्यामुळे दोन्ही आकडे पुस्तकांत सापडतात.

आपला,
एक नियमित वाचक आणि सॉफ्टबॉल प्रशिक्षक, जळगाव