तिसऱ्यांदा बोअर न मारल्याबद्दल

वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या काकांना,

सा. न. वि. वि.

काका, नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. ‘नाव छापलंस तर उद्या दारात पन्नास खटारे उभे राहतील,’ असं तुम्ही म्हणालात. आभार मानू नकोस असं मात्र म्हणाला नव्हतात.

जुलैत, भर पावसात, माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलचा सिलेंडर आणि पिस्टन पिशवीत घालून मी तुमच्या गाळ्यात आलो तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. गाडी पुन्हा चालती करताना एकदा बोअर झाला होता, म्हणजे सिलेंडर आतून तासून किंचित मोठा केला होता. पिस्टन चिकटला म्हणून दुसऱ्यांदा बोअर केला, नवा पिस्टन टाकला, तर चौथ्या दिवशी पुन्हा चिकटला. बोअरवाल्याने काम बिघडवलं, हे मी आल्या आल्या सांगून टाकलं. तुम्ही पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे आणखी एक माप मोठ्या पिस्टनसाठी, बोअर मारायचा आणि मी पैसे द्यायचे, एवढंच उरलं होतं.

तुम्ही काही न बोलता गेज काढलंत. वर, मध्ये, खाली; मग काटकोनात फिरवून पुन्हा वर, मध्ये, खाली. सहाही मापं बॉलपेनने तळहातावर लिहिलीत. पॉइंट झिरो एक मिलिमीटरच्या वर फरक नव्हता. ‘हा माणूस शिकलेला आहे, त्याला शिव्या घालू नकोस,’ म्हणालात. ‘आणि मी बोअर मारणार नाही.’

खरं सांगतो, राग आला होता. दुसरीकडे जाणारच होतो. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, ‘रेस सोडली की इंजिन लगेच खाली बसतं का?’ नाही बसत, मी म्हटलं. गरम झालं की थोडा वेळ तसंच भणभणत राहतं. ‘प्लग?’ पांढराफटक. ‘पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकतोस?’ आधी लिटरला 40 मिली टाकायचो, चिकटल्यावर भीतीने 50 करून टाकलं. तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, जायचं तेवढंच जातं, त्यात ऑइल वाढवलं की पेट्रोल कमी जातं, म्हणजे आधीच सुकं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं मिश्रण मी आणखी सुकं करत होतो; त्यानेच इंजिन तापून पिस्टन चिकटतो. वीस वर्षं टू-स्ट्रोक चालवतोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. घरच्यांचं मत दुसरं.)

पिस्टनचे चट्टे उतरवून इंजिन जोड, चालू करू नकोस आणि गाडीच घेऊन ये, असा हुकूम झाला. कोलशेतहून छोटा हत्ती करून गाडी आणली.

वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं सांगतो. येझदी रोडकिंग, 248.5 सीसी. म्हैसूरच्या आयडियल जावाने ही 1978 ते 1996 पर्यंत बनवली. माझी कुणीतरी फार पूर्वी मातीतल्या रेससाठी सोलून काढलेली : दिवे गायब, सायलेन्सर वर उचलून वेल्ड केलेले, मागे ताटलीएवढं स्प्रॉकेट. साताऱ्याकडच्या एका गोठ्यात कडब्याखाली सापडली. हिच्या चेकोस्लोव्हाकियातल्या चुलत घराण्याची, म्हणजे सीझेडची, गाडी घेऊन बेल्जियमचा जोएल रोबेर 1964, 1968 आणि 1969 साली 250 सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. आज परदेशात जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या वेगळ्या रेस होतात. मागे दोन शॉकअप, ड्रम ब्रेक, हवेवर थंड होणारं इंजिन, असा तो थाट. आम्ही सात-आठ वेडे तसंच काहीतरी नाशिकबाहेरच्या एका मातीच्या ट्रॅकवर आपापसात करतो. बक्षीस नाही. हरणारा मिसळ खाऊ घालतो.

तर त्या दिवशी तुम्ही कपाटातून डॉक्टरांचं बीपी मोजायचं यंत्र काढलंत, तेव्हा मला वाटलं तुम्हालाच चक्कर येतेय. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून त्यात पितळी नळी बसवलेली होती. यंत्राची रबरी नळी तिच्यावर चढवलीत. दोन्ही सायलेन्सर काढून त्यांच्या नटांखाली अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या आणि ट्यूबचं रबर दाबलंत, कार्ब्युरेटरचं तोंड तसंच बंद केलंत, पिस्टन खाली नेलात आणि फुगा दाबायला लागलात. काटा 300 वर, म्हणजे चौरस इंचाला जवळपास सहा पौंड दाब. सहा मिनिटं काटा हलता कामा नये, असं म्हणेपर्यंत काटा 200 च्या खाली.

मग दाढीच्या ब्रशने साबणाचं पाणी लावलंत. हेडला काही नाही, सिलेंडरच्या बुडाला काही नाही. उजवं कव्हर काढलंत, क्रँकच्या सीलवर, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यावर, ब्रश फिरवलात आणि तिथे एकामागून एक बुडबुडे यायला लागले, उकळत्या साबुदाण्याच्या पेजेसारखे. सीलचं रबर वाळून टणक झालं होतं. तिथून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं बंद पोट, बाहेरची कोरडी हवा ओढत होती आणि मी दोष देत होतो बोअरवाल्याला. सील डाव्या बाजूची फाटली असती तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं गेलं असतं, पांढरा धूर निघाला असता, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या आधी निदान केलं असतं.

सीलचे पैसे तेवढे घेतलेत. दुपारभराच्या कामाचे विचारले तर म्हणालात, ‘बोअर मारला असता तर घेतले असते.’ आणि वर, ‘त्या माणसाला जाऊन भेट.’

भेटलो, काका. पेढे घेऊन गेलो. मी कुठे कुठे त्याची बदनामी केली होती ते त्याला सगळं माहीत होतं, त्यामुळे दहा मिनिटं फार जड गेली. मग त्यानेच चहा मागवला आणि तुमच्या फुग्याच्या यंत्राबद्दल खोदून खोदून विचारलं.

डिसेंबरात नाशिकला गाडी पूर्ण अर्धा तास माती उडवत पळाली. रेस सोडली की इंजिन शहाण्यासारखं खाली बसत होतं. प्लग काढून पाहिला, छान विटकरी-तपकिरी. नंबर शेवटून दुसरा, म्हणजे मिसळ वाचली.

एक कबुली राहिली. त्या दोन चकत्या आणि नळीचा प्लग मी ‘पुढच्या आठवड्यात आणून देतो’ म्हणून नेला होता. तो आधी बोअरवाल्याने दोन दिवस मागून नेला, आता कळव्याच्या एका येझदीवाल्याकडे आहे. त्याचीही उजवीच सील निघाली. पुढच्या शनिवारी घेऊन येतो, नक्की.

तुमचा,
कोलशेतचा रोडकिंगवाला